पडदा काळा, मशीन चालू

ही गोष्ट खरी आहे. विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. ज्याच्यावर ही वेळ आली तो माझा सख्खा थोरला भाऊ आहे, आणि त्यानं ती माझ्यासमोर रडत सांगितली आहे. उगाच रंगवून सांगायची मला हौस नाही.

आणि हो, अमावास्या नाही, मध्यरात्र नाही. भर दुपार होती. बुधवार. एक वाजून वीस मिनिटं. जागा म्हणजे दादाच्या ऑफिसातलं तिसऱ्या मजल्यावरचं खिडकीजवळचं टेबल, आणि तिथून तासाभराच्या अंतरावर असलेली आमच्या काकांची खोली.

आधी काकांबद्दल सांगते.

काकांनी आयुष्यभर शिलाई मशीनं दुरुस्त केली. भारी बोलका माणूस. गप्पांत कुणाला ऐकायचे नाहीत. तीन वर्षांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पार गेला. हातही थरथरायला लागले, कागदावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच लागेना.

तेव्हा दादानं त्यांना एक जुना कॉम्प्युटर बसवून दिला.

दादा ऑफिसांचे कॉम्प्युटर सांभाळतो. त्याला त्या फुकट मिळणाऱ्या ओपन सोर्स सिस्टीमचं भलतं वेड. नात्यात कुणाचं मशीन जरा रखडलं की हा पेनड्राइव्ह घेऊन हजर! आई म्हणायची, "याच्या हातात मिक्सर देऊ नका, त्यातही घालून ठेवेल."

पण काकांचं काम त्यानं मनापासून केलं होतं. मशीन चालू केलं की एकच पान उघडायचं. काका टाइप करायचे, अक्षरं बोटाएवढी मोठी उमटायची. काही सांगायचं असलं की काका टेबलावर दोन थापा मारायचे. स्वयंपाकघरातून काकू वळून बघायची, दारातूनच वाचायची आणि तिथूनच उत्तर द्यायची.

"मोठ्या अक्षरात ओरडतात माझ्यावर," असं हसून सांगायची.

तो पडदा म्हणजे काकांचं तोंड होतं. एवढं लक्षात ठेवा.

आता दादाची चूक.

त्या मशीनमधलं ग्राफिक्स कार्ड चौदा वर्षांचं होतं. पडद्यावर जे दिसतं ते हे कार्ड दाखवतं. त्याच्याशी बोलायला सिस्टीमला एक दुभाष्या लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं इतक्या जुन्या मालाकडे केव्हाच पाठ फिरवली होती. जुन्या सिस्टीमवर ते निमूटपणे चालत होतं. त्याला हात लावायची काही म्हणजे काही गरज नव्हती.

पण दादाचे हात शिवशिवतात. नवी आवृत्ती आली की त्याला दम निघत नाही. एका गुरुवारी चहा पिता पिता तो ऑफिसातूनच, इंटरनेटवरून, काकांच्या मशीनला जोडला गेला आणि त्यानं अपडेट लावलं.

मध्येच सूचना आली. या कार्डाचा ड्रायव्हर नव्या आवृत्तीत नाही. पुढे जायचं?

दादानं ती वाचली.

नीट वाचली.

आणि 'हो' दाबलं. काहीतरी जुगाड होईल, असं त्याला वाटलं म्हणे.

संध्याकाळी काकूचा फोन. "अरे, पडदा काळा झालाय. मशीन घुरघुरतंय, पण दिसत काहीच नाही."

"कार्ड गेलं असेल गं. म्हातारं झालं होतं. रविवारी येतो."

धडधडीत खोटं. कार्ड ठणठणीत होतं. मशीनसमोर बसून जुनी सिस्टीम परत लावायची, दहा मिनिटांचं काम. पण खरं सांगितलं असतं तर बोलणी खावी लागली असती.

रविवार उजाडला. दादाला कंटाळा आला. दुसरं काही कारण नाही हो, नुसता कंटाळा. त्यानं काकूला कळवलं, "पुढच्या रविवारी नक्की."

सोमवारी दुपारी काका गेले. खुर्चीतच. हार्ट अटॅक.

दीड महिना झाला. काकूनं मशीन बंद करू दिलं नव्हतं. दादाला दर आठवड्याला विचारायची, "पडदा कधी लावतोस? शेवटचे चार दिवस हे टाइप करत बसायचे रे. मी म्हणायचे, दिसत नाही तर कशाला? तर हातानं खूण करायचे, चालू आहे, चालू आहे. काय लिहिलं ते वाचायचंय मला."

म्हणून त्या बुधवारी, जेवणाच्या सुट्टीत, दादा ऑफिसातून काकांच्या मशीनला जोडला गेला. ते पान त्यानं उघडलं.

सगळं होतं तिथे. दिवस आणि वेळेसकट.

"दिसत नाही."

"आज पण दिसत नाही."

"रविवारी येतोय."

"आला नाही. काम असेल पोराला."

आणि मग सोमवार. एक वाजून वीस मिनिटं.

"छातीत दुखतंय. डॉक्टरला बोलव."

"बघ ना इकडे."

"बघ ना"

दादा पान बंद करणार, तेवढ्यात...

खाली एक अक्षर उमटलं.

मग दुसरं.

हळूहळू. थरथरत्या हातांनी काका टाइप करायचे ना, अगदी तसं. थांबत, चुकत, खोडत.

"हिला सांग."

दादानं घड्याळात पाहिलं. एक वीस.

त्यानं काकूला फोन लावला. "काकू, खोलीत कोण आहे?"

"कोण असणार? मी आहे."

"कॉम्प्युटरवर कुणी बसलंय का?"

"खुर्ची रिकामी आहे. आवाज येतोय मात्र..."

"कसला आवाज?"

"टकटक. रोज येतो या वेळेला. मला वाटलं मशीनचाच असेल."

मग काकू आपणहून बोलायला लागली. जे तिनं दीड महिना कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्या दिवशी त्यांनी टेबल वाजवलं होतं रे. दोनदा नाही, चांगलं पाच-सहा वेळा. मी वळून पाहिलं. पडदा काळा. मला वाटलं, चिडलेत नेहमीसारखे. पुन्हा गॅसकडे तोंड केलं. मी जवळ गेले असते तर... मीच मारलं रे त्यांना."

हीच वेळ होती खरं सांगायची.

दादा म्हणाला, "असं काही नसतं गं काकू." आणि फोन ठेवला.

मग त्यानं ते पान पुसून टाकलं. पार मुळासकट. वर ऑफिसातूनच मशीनही बंद केलं.

गुरुवारी एक वीसला त्याला राहवलं नाही. जोडून पाहिलं...

मशीन चालू होतं.

पान जागेवर होतं. सगळ्या ओळी तशाच. खाली, "हिला सांग." दोनदा.

शुक्रवारी तीनदा.

शनिवारी त्यानं मोजलं नाही.

रविवारी सकाळी दादा माझ्या दारात उभा. चेहरा पांढराफटक. सगळं सांगितलं आणि म्हणाला, "तू चल. एकट्यानं माझ्यानं होणार नाही."

वाटेत त्याचा बेत मला कळला. तो बोलणार नव्हता. पडदा चालू करायचा, ते पान काकूसमोर उघडायचं, तिचं ती वाचेल. मी काही म्हटलं नाही. म्हणायला हवं होतं.

काकूनं चष्मा पुसून खुर्ची ओढली. दादानं जुनी सिस्टीम लावली. नऊ मिनिटं लागली. मी मोजली.

पडदा उजळला. पान उघडलं...

कोरं.

एक अक्षर नाही. नुसती ती उभी रेघ, लुकलुकत.

दादानं सगळं मशीन धुंडाळलं. काही नाही. काकू आमच्याकडे बघत होती. मी दादाकडे.

शेवटी तो जमिनीवर बसला आणि बोलला. सगळं. ती सूचना, ते 'हो', कार्डाबद्दलचं खोटं, तो कंटाळा. काकांनी सोमवारी लिहिलेल्या त्या ओळीही.

काकू ऐकत राहिली. मग एवढंच विचारलं, "बुधवारी मी फोनवर रडत होते, तेव्हा तुला हे माहीत होतं?"

"हो."

"ती वायर काढ," ती म्हणाली. "पडद्याची. आणि तू जा."

त्याला पाच महिने झाले. काकू दादाशी बोलत नाही. त्याचा फोन उचलत नाही. माझ्याशी बोलते, छान बोलते. जेवते, फिरायला जाते. ती टकटकही बंद झाली म्हणते.

परवा मी तिच्याकडे गेले होते. पडद्याची वायर काढलेलीच आहे. कीबोर्ड तिनं कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलाय. मशीन मात्र टेबलाखाली घुरघुरतंय. ते बंद करायचं नाही, असं तिनं मला बजावलं.

दुपारी ती गॅसपाशी होती, मी बाहेरच्या खोलीत पेपर चाळत होते. घरात चिटपाखरू नाही. एकदम तिचा आवाज आला.

"घेतलं हो औषध."

मी वर पाहिलं. काकू दारातून त्या काळ्या पडद्याकडे बघत होती. मग हसली, आणि पुन्हा कामाला लागली.

मी घड्याळात पाहिलं नाही. पाहायची हिंमत झाली नाही.

संध्याकाळी दादाला सांगितलं. त्यानं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. तो अजूनही रोज त्या मशीनला जोडून बघतो. पान भरलेलं होतं. पाच महिन्यांचं.

"औषध घेतलंस?"

"घेतलं हो औषध."

"दार नीट लाव."

"लावलंय."

काकूला टाइप करता येत नाही. ती कधी शिकलीच नाही.

मी खालपर्यंत वाचत गेले. भाजी, औषधं, गुडघेदुखी, माझ्या येण्याची तारीखसुद्धा. दोघांच्या साध्या गप्पा.

दादाबद्दल त्यात एक शब्द नाही. तो रोज शोधतो.