थोरल्याला सांगायचं राहिलेलं

"दिवे विझवा. हवाई हल्ल्याचा भोंगा झालाय, आता तासभर गाडी हलत नाही," म्हणत ड्रायव्हरकाका पोत्यांवर टेकले. गोदामातली पोरं अंधारात त्यांच्याजवळ सरकली.

"काका, भुताची सांगा. तुम्हाला दिसलंय म्हणे."

"मी भुतापेक्षा मुकादमाला घाबरतो. पण माझ्या गाडीवर आधी जो क्लीनर होता ना, धाकटा, त्याच्या घरी घडलंय. पटलं तर घ्या. मी दमलोय, पटवत बसणार नाही."

गेल्या वर्षातल्या शेवटच्या शनिवारची रात्र होती. थंडी हाडात शिरत होती. धाकटा भावाला आणायला पुलाकडे निघाला होता. आघाडीवरून एका दिवसाच्या सुटीवर येणाऱ्यांना लष्कराचा ट्रक तिथं उतरवायचा. थोरला वर्षानं घरी येत होता, आणि त्याला ठाऊक नव्हतं की आठवड्यापूर्वी आई गेली. ते सांगायचं धाकट्याच्या गळ्यात आलं होतं. वाटेभर तो एकच वाक्य जुळवत होता आणि ते दर वेळी तुटत होतं.

आई धाकट्याची सख्खी, थोरल्याची सावत्र. घरात हा हिशेब कुणी मांडला नव्हता. मांडायचे ते शेजारी. घरटी एक मुलगा लढाईवर न्यायचा हुकूम निघाला, थोरला स्वतःहून पुढं झाला, तेव्हा नळावर शेजारीण म्हणाली, "सावत्र गेला, सख्खा राहिला. बरं जमवलंत हो."

आईनं भरलेला हंडा उचलला. दुसऱ्या दिवसापासून ती जवानांचे कोट शिवायच्या कारखान्यात जायला लागली. प्रत्येक बाही खांद्यापाशी दोनदा शिवायची.

"बाई, दोरा माहेरून आणलाय का?" मुकादम खेकसायचा.

"कुठला कोट त्याच्या अंगावर जाईल, काय सांगावं? वारा आत शिरायला नको," ती म्हणायची आणि खोकत पुढचा कोट ओढायची. दोन-दोन पाळ्या केल्या तिनं. शेवटी मशीनवरच मान टाकली.

पुलापाशी कुणी नव्हतं. धाकटा ताटकळला. मग गस्तीवरचा शिपाई म्हणाला, "कुणाची वाट बघतोस? विमानं फिरतायत म्हणून आज सगळ्यांना तिठ्यावरच उतरवलं. केव्हाच गेले घरी."

धाकटा पळत सुटला. थोरला रिकाम्या घरात शिरणार, आईची खाट उभी करून ठेवलेली बघणार, आणि सांगायला शेजारीण धावत येणार... ते त्याला नको होतं.

गल्ली काळोखी. दार नुसतं लोटलेलं.

आतून आवाज आला. पाणी ओतल्याचा. हळूहळू... थांबून... पुन्हा.

मग कुणीतरी खोकलं.

धाकट्याचा हात दारावरच राहिला. तो खोकला त्यानं वर्षभर भिंतीपलीकडून ऐकला होता.

त्यानं दार ढकललं. आत एकटा थोरला. स्टुलावर बसलेला, पाय घमेल्यात. चेहरा रडून धुतल्यासारखा.

"दादा..."

"हळू बोल."

"दादा, आई..."

"माहितीय."

"कुणी सांगितलं? शेजारणीनं?"

थोरल्यानं घमेल्यातल्या पाण्याकडे पाहिलं.

"तिनंच सांगितलं. पाय धुता धुता. म्हणाली, मी गेले रे बाळा. धाकट्याच्या तोंडून निघायचं नाही ते, म्हणून थांबले होते."

धाकटा घमेल्यापाशी बसला.

कितीतरी वेळानं त्यानं घमेलं उचलायला हात घातला आणि तसाच मागं घेतला. पाणी चांगलं ऊन होतं. घरातलं रॉकेल आईच्या आधीच संपलं होतं. स्टोव्हला हात लावून पाहिला. थंडगार.

ते घमेलं दोघांनीही हलवलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोरला परत ट्रकवर चढला, तेव्हाही पाणी कोमट होतं.