उकंडाकाकांना भिणारं इंजिन

"खोलून खोलून या इंजिनाचे नट बी कंटाळले असतीन," असं म्हणत अरसलाननं पाना ठेवला आणि तो काठावर आडवाच झाला.

गझालाला हसायचंही त्राण नव्हतं. सुट्टी लागल्यापासून ती, बोरी अरबहून आलेला हा मावसभाऊ आणि नाव चालवणाऱ्या उकंडाकाकांचा मुलगा रोशन धरणावर तिच्या अब्बांच्या, म्हणजे इंजिनं दुरुस्त करणाऱ्या मुजफ्फरच्या हाताखाली राबत होते. मच्छीमार सोसायटीच्या दोन नावा, दोन्हींना एकाच बनावटीची इंजिनं. पण एक गुणगुणायचं आणि दुसरं असं बोंबलायचं, की जाळ्याजवळचे मासे पळून जायचे. सोसायटीचे अध्यक्ष देवीलालभाऊ सगळ्यांना सांगत फिरत होते, "मुजफ्फरनंच बिघडवलं. उद्या बाहेरचा मिस्त्री येऊन राह्यला. याचा हात आता इंजिनाले लागू देत नाही."

अब्बांनी ते मनाला लावून घेतलं. झोप नाही, जेवणात लक्ष नाही, नुसते फडक्यानं हात पुसत बसले. गझालाला ते बघवेना.

"इंजिन बसवा, एक फेरी मारून पाहू," उकंडाकाका म्हणाले. मुलं नावेत चढली. मागे बसून इंजिनाचा दांडा रोशननं धरला. काकांचा देह भलताच भारी. ते त्याच्या शेजारी टेकले आणि इंजिन चक्क गुणगुणायला लागलं! काका डबा घ्यायला पुढे गेले, तर पुन्हा बोंब.

"बाबा, इंजिन तुमाले भेते," रोशन म्हणाला.

"त्याले अक्कल हाय. तूच भेत नाहीस."

गझाला थकवा विसरून मागे वाकली. "काका, पुन्हा मांगं बसा. आता समोर जा."

काका कुरकुरत उठले, बसले, पुन्हा उठले. ते मागे असले की नावेची शेपटी दबायची आणि इंजिनाचा पंखा खोल जायचा. ते पुढे गेले की पंख्याजवळून धूर पाण्यावर भकभकायचा.

काठावर येताच तिनं पपईच्या देठाची पिपाणी केली. हवेत फुंकली तर पोंऽऽ, बादलीत बुडवून फुंकली तर नुसतं बुडबुड.

"इंजिनाचा धूर पंख्यातून, पाण्याखाली सुटते," ती म्हणाली. "पाणी आवाज गिळते. आपलं इंजिन वर टांगलं हाय."

"पण टांगलं कोनं?" अरसलाननं विचारलं.

दुसऱ्या नावेशी ताडून पाहिलं. इथे इंजिनाखाली वीतभर उंचीची सागाची फळी ठोकलेली! अब्बा रोज इंजिन उतरवून त्याच्या पोटात बिघाड शोधत होते, फळीकडे कोण बघणार?

"ते म्या ठोकली," तेवढ्यात तिथे आलेले देवीलालभाऊ म्हणाले. "उन्हाळ्यात पाणी उतरलं, बुडालेल्या जंगलाची खुटं पंख्याले लागून राह्यलती."

"अन् मले सांगतलं काहून नाही?" अब्बांनी विचारलं. आवाज चढवायलाही त्यांच्यात बळ नव्हतं.

"ध्यानातच नाही राह्यलं," देवीलालभाऊ म्हणाले. खुटं लांबूनच दिसावीत म्हणून त्यांच्याजवळ लाल फडक्यांच्या काठ्या रोवायचं ठरलं, फळी निघाली आणि सगळ्यांना घेऊन नाव गुणगुणत पाण्यात शिरली.

"चुकलो, मुजफ्फर," देवीलालभाऊ म्हणाले. "त्या मिस्त्रीले नाही म्हणतो. इंजिनं तूच पाहा. अन् पोरगी तुही लय हुशार निघाली."

"ऐकलं, अब्बा?" गझाला आनंदानं वळली.

अब्बा जाळ्यांच्या ढिगावर गाढ झोपले होते. इतक्या दिवसांनी.

उकंडाकाकांनी ओठावर बोट ठेवलं आणि नाव लांबच्या वळणानं घेतली.