एकोणिसाव्या पट्टीतला खळगा

सोलापूरच्या नव्या वस्त्रसंग्रहालयात चाळीस पट्ट्यांचे पांढरे कापडशिल्प ताणून सव्वा महिना झाला होता. कुठे सुरकुती नव्हती. फक्त एकोणिसाव्या पट्टीत एक लांबट खळगा होता. संग्रहालयाच्या अभियंता डॉ. रेणुका बिराजदार यांनी तो मोजला. पाच फूट दोन इंच.

"म्हेत्रे सर, ही पट्टी आधी कुठे वापरली होती?"

दिगंबर म्हेत्र्यांनी खरे ते सांगितले. हा स्मरणधागा त्यांचा आणि पत्नी पद्मजाबाईंचा शोध. तीस दिवस एकाच ताणात राहिला की तो ताण शिकतो. मग थोडा वेळ कितीही ओढा, पुन्हा तसाच होतो. शेवटच्या आजारात पद्मजाबाईंना पलंगावर पाठ टेकवत नसे. चाचणीची पट्टी घरातच आडवी ताणलेली होती, त्या तिच्यावर झोपत. म्हणत, "तुमच्यापेक्षा हे बरं. सांगितलेलं लक्षात ठेवतं." त्या गेल्यावर म्हेत्र्यांनी तीच पट्टी शिल्पात लावली आणि कोणाला बोलले नाहीत.

रेणुकाबाईंनी आराखडा उघडला. मग म्हणाल्या, की शिल्पाचा आराखडा पद्मजाबाईंचाच आहे आणि त्यात खळगा नाही, तेव्हा ही पट्टी बदलावी लागेल. उद्घाटनाला पाच आठवडे होते. म्हेत्र्यांना ते पटले. जुनी पट्टी मला द्या, एवढेच त्यांनी मागितले.

ती त्यांनी घरी पलंगावर पसरली. रोज खळग्यावरून हात फिरवत. महिन्याने हाताला काही लागेना. ताणच नसलेल्या कापडाने सैल पडून राहणे शिकून घेतले होते. आपल्याच धाग्याचा नियम आपण विसरलो, म्हणून ते पलंगाच्या कडेवर बसून राहिले.

त्याच आठवड्यात रेणुकाबाईंचा फोन आला. नव्या पट्टीत खळगा उमटला होता. त्याच जागी, तेवढाच.

"शेजारच्या पट्ट्या, सर. सव्वा महिना त्या खळग्याचा ताण सोसत होत्या. त्यांनी नवीला शिकवलं."

"सगळ्या चाळीस बदलल्या तर?" म्हेत्र्यांनी भीत भीत विचारले.

"पट्ट्या ताणणारे दोरही त्याच धाग्याचे आहेत. ते नव्या चाळीसांना शिकवतील." मग त्या म्हणाल्या, "मी काही बदलणार नाही. पण अंतिम नकाशात खळग्याचं कारण द्यावं लागतं. काय लिहू?"

म्हेत्र्यांना विचार करावा लागला नाही.

"कायमचं वजन, असं लिहा," ते म्हणाले. "सत्तेचाळीस किलो."