पुढच्याला वाचता यावं म्हणून

कामठी रोडवर, मेट्रोच्या खांबांच्या सावलीत संघपालचं रेडियमचं दुकान होतं. गाड्यांवर नावं, झेंडे, अशोकचक्रं चिकटवता चिकटवता त्याला एक गोष्ट चांगली कळली होती. माणूस कोण आहे ते सोडा, त्याला कोण म्हणून दिसायचंय ते आधी बघावं. 'पोलीस' लिहून नेणारे बहुतेक पोलिसांचे साळे निघत. 'प्रेस' लिहून नेणारा एक जण खरोखरच इस्त्रीवाला निघाला, तेव्हापासून संघपाल त्याला मनापासून मानायचा.

स्पेलिंग गिऱ्हाइकानं चुकवायचं आणि भांडायला दुकानात यायचं, हे ठरलेलं. म्हणून प्रत्येकाची चिठ्ठी तो वहीत चिकटवायचा आणि खाली सही घ्यायचा. अशा अकरा वह्या भरल्या होत्या.

गुरुवारी सकाळी अकराला रामाजी आले. नरखेडकडचे, पासष्टीचे, कडक इस्त्रीचा पांढरा सदरा. हातात मोसंब्यांची पिशवी. पहिल्यांदाच येणारं गिऱ्हाईक फळं घेऊन येतं, हे संघपालला तिथंच खटकलं. मागं उभी व्हॅनही पांढरी, कोरी, बाजूच्या काचा आतून रंगवलेल्या. चिठ्ठीवर आठ इंग्रजी अक्षरं होती : आर, ई, एच, ई, ए, आर, एस, ई.

समोरून लावायची, आणि उलटी. अॅम्ब्युलन्सवर असतात तशी.

उलटं कापणं संघपालला नवं नव्हतं. पण अक्षर केवढं ठेवायचं ते वाचणारा किती लांब आहे त्यावर ठरतं, म्हणून त्यानं विचारलं.

"स्कुटीच्या आरशात वाचता आलं पाह्यजे," रामाजी म्हणाले.

"कोणाच्या स्कुटीच्या?"

"जो पुढे राहीन त्याच्या."

गाडी कशाची, असं विचारलं तर म्हणाले, कामाची.

तेवढ्यात मोनाली डबा घेऊन आली. संघपालची एकुलती एक मुलगी. सोमवारपासून ती कन्हानच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायला जाणार होती, आणि पहिलाच धडा निघाला होता एका विलायती खेड्यातल्या अंत्ययात्रेचा. त्यातल्या अवघड शब्दांची यादी घेऊन ती चार दिवस घरभर फिरत होती. चिठ्ठी बघून तिचे डोळे चमकले.

"रिहर्स. म्हणजे सराव करणं," ती म्हणाली. मग पहिल्या दोन अक्षरांवर बोट आडवं ठेवलं. "अन् हे झाकलं तर हर्स. शववाहिनी. पाहा बाबा, दोन अक्षरांचा फरक."

एकदा सुरू झाली की ती थांबत नसे. खांदेकऱ्याला पॉलबेअरर म्हणतात, मयताजवळ बसून राहण्याला वेक म्हणतात, हेही तिनं सांगून टाकलं.

"वेक म्हणजे उठणं ना वं?" संघपालनं चिडवलं.

"जागणं, बाबा. उठत कोणी नाही."

सगळे हसले. रामाजीही हसले, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"हुशार आहे पोरगी," ते म्हणाले. "तुमचीच?"

ते 'तुमचीच' संघपालला आवडलं नाही. नाटक कंपनीची गाडी असेल, सरावाला नेत असतील, अशी त्यानं मनाची समजूत घातली आणि मशीन लावलं. एस कापताना पातं उडालं आणि अक्षराच्या पोटाला बारीक खाच पडली. ती त्याला दिसली. रामाजींनाही दिसली. तेच अक्षर गाडीवर चढलं.

काम झाल्यावर रामाजींनी वहीत सही केली. मग सदऱ्याच्या खिशातून स्वतःची छोटी वही काढली.

"आता तुमची करा. पूर्ण नाव लिवा, वडलांचंही."

अकरा वह्यांत असं कोणी मागितलं नव्हतं.

"काहून?"

"आमच्यातही वही राहते, बाप्पा."

संघपालनं लिहिलं : संघपाल आनंदराव. लिहून झाल्यावर वाटलं, उगाच लिहिलं.

शुक्रवारी त्यानं मोनालीला आपल्या स्कुटीवर मागं बसवून कन्हानचा रस्ता दाखवला. खड्डे कुठं आहेत, ट्रक कुठून घुसतात, पुलावर वारा कसा लागतो. कामठीच्या पुढं आरशात ती पांढरी व्हॅन दिसली. आठही अक्षरं सुलटी, ठळक. त्याला जरा अभिमानच वाटला.

शनिवारी ती पुन्हा मागं होती, तेवढ्याच अंतरावर. त्यानं वेग कमी केला, तिनंही केला. तो रसवंतीपाशी थांबला तर तीही थांबली. आतून कोणी उतरलं नाही.

"सराव करून राहिले असतील," मोनाली रस पिता पिता म्हणाली. संघपालला हसू आलं नाही. त्याला ते आडवं ठेवलेलं बोट आठवलं.

रविवारी त्यानं मोनालीच्या नव्या स्कुटीचे दोन्ही आरसे काढून ठेवले. ढिले आहेत, म्हणाला. बायको, माया, म्हणाली पोलीस पकडतील. पकडू दे, म्हणाला. आरशात ती अक्षरं वाचताच आली नाहीत तर व्हॅनवाले काय करतील, असा त्याचा हिशेब होता. तो त्यानं कोणाला सांगितला नाही.

सोमवारी साडेनऊला मोनाली निघाली. दहाला रामाजी दुकानात.

"पयली दोन अक्षरं काढून द्या."

"काहून?"

"सराव झाला."

रेडियम गरम करून सोडवायचा ड्रायर समोरच पडला होता. संघपालनं त्याला हात लावला नाही.

"मी लावलेलं मी काढत नाही."

रामाजींनी वाद घातला नाही. ते गाडीकडे गेले. उलट्या मांडणीत पहिली दोन अक्षरं उजवीकडे, शेवटी येतात. तिथं त्यांनी नखानं कोपरा उचलला आणि दुधावरची साय निघावी तशी दोन्ही अक्षरं अख्खी निघाली. गोंदाचा डागसुद्धा राहिला नाही. ती त्यांनी आणून संघपालच्या उघड्या वहीवर ठेवली.

"चिठ्ठीजवळ चिकटवून ठेवजा. चूक निघाली तं तुमच्यावर नको."

व्हॅन मेट्रोच्या खांबांमागं गेली. कुठं वळली ते दिसलं नाही.

त्यानं मोनालीला फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. तिसऱ्यांदाही नाही. शटर अर्धंच ओढून त्यानं स्कुटी काढली.

कामठीच्या पुढं खिशात फोन वाजला. त्यानं गाडी कडेला घेतली.

"बाबा, पोचली मी. गाडी चालवताना कशी उचलू?"

"मागे कोणी होतं?"

"आरसे तुमीच काढले ना? पण मी दोनदा वळून पाहिलं. कोणीच नव्हतं."

"नक्की?"

"रस्ता रिकामा होता, बाबा. ठेवते. पोरं वाट पाहून राहिले."

संघपाल एकटाच हसला. कपाळ पुसलं. घरी जाऊन मायाला काय सांगायचं, ते मनात जुळवलं. गाडी वळवायची म्हणून सवयीनं आरशात पाहिलं.

सहा अक्षरं होती. सुलटी.

एसच्या पोटातली खाचसुद्धा दिसत होती. आकार अगदी बरोबर निघाला होता.