निळ्या खिडकीतले मांझेरिको

"आणखी एक गेलं," तोमे पायरीवर उकिडवा बसत म्हणाला. "काल तर हिरवंगार होतं."

लूझिया कुंडीकडे बघत राहिली. मांझेरिको म्हणजे तुळशीच्या जातीचं, बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल रोप. संत आंतोनियोच्या सणाला लिस्बनच्या खिडक्याखिडक्यांत ते दिसतं. पण ही रोपं लूझियाच्या आईने जपलेल्या बियांची होती. आई हिवाळ्यात गेली. औषधाच्या बाटलीत उरलेलं सगळं बी लूझियाने पेरलं होतं. ही रोपं फुलली, तरच पुढचं बी मिळणार होतं. आता पाचांतली दोनच उरली होती.

"पाहुणे नाक खुपसत असणार," तोमेची थोरली बहीण बेनेदिता म्हणाली. "नाक लावलं की मांझेरिको मरतो. हाताने कुरवाळायचं आणि हात हुंगायचा, एवढं साधं कळत नाही त्यांना."

लूझियाच्या घराची ही निळी खिडकी फोटोसाठी गाजली होती. पर्यटकांना शहर दाखवणारे सेन्योर वाल्देमार रोज सकाळी पाहुण्यांचा घोळका घेऊन यायचे आणि एकेकाला खिडकीशी उभं करायचे.

सुट्टी लागली होती. तिघांनी पहारा सुरू केला. कुणाचं नाक कुंडीकडे झुकलं की तोमे जोरात शिंकायचा. पाहुणा दचकून मागे व्हायचा.

"मला खरंच सर्दी होणार आता," तोमे कुरकुरला.

एकही नाक कुंडीला लागलं नाही. तरी सकाळी चौथं रोप मान टाकून पडलं होतं.

बेनेदिताने उरलेल्या रोपावरून हात फिरवला, तळवा हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "शी. हात चिकट झाला. आणि वास केसांच्या स्प्रेचा. लूझिया, तुला इतके दिवस कळलं कसं नाही?"

लूझियाने स्वतःचे हात मागे घेतले. आई गेल्यापासून तिने एकदाही हात हुंगला नव्हता.

तिने ते रोप घरात नेऊन पानं धुतली. त्याच्या जागी शेजारच्या डोना युलालियांचं, बाजारातून आणलेलं रोप ठेवलं. दुसऱ्या दिवशी उजाडताच तिघं वाळत घातलेल्या चादरींमागे दडली.

सेन्योर वाल्देमार एकटेच आले. त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि रोपावर फवारा मारला.

"डोक्यावर एक केस नाही, आणि पिशवीत केसांचा स्प्रे," तोमे कुजबुजला.

लूझिया उठायला लागली. बेनेदिताने तिला खाली ओढलं. "आत्ता नको. पाणी मारलं म्हणतील. पाहुणे येऊ देत."

घोळका आला, तसा तोमे गोड हसत पुढे झाला. "आमच्याकडची रीत आहे. रोप कुरवाळा आणि हात हुंगा. नशीब उघडतं."

पाहुण्यांनी रांगेने हात फिरवले, हुंगले आणि एकमेकांकडे पाहिलं. एक बाई तळवा पुढे करून वाल्देमारना म्हणाली, "हा कसला वास?"

वाल्देमारची मान खाली गेली. "नदीवरच्या वाऱ्याने पानं हलतात, फोटो बिघडतात... स्प्रेने पानं स्थिर राहतात, चमकतात. रोप मरेल असं वाटलं नाही."

"तुम्ही लिस्बनचेच ना?" डोना युलालिया वरच्या खिडकीतून कडाडल्या. "तुमचा हात कधी हुंगला नाहीत?"

संध्याकाळी गल्लीत सणाची सार्डिन मासळी भाजायला घेतली. जो तो मुलांची पाठ थोपटत होता. "आई असती तर केवढी खूश झाली असती," डोना युलालिया लूझियाला म्हणाल्या.

घरात नेलेलं रोप दुपारीच गळून गेलं होतं.

वाल्देमार बाजारातून नवं रोप घेऊन आले. कागदी फूल खोचलेलं. त्यांनी ते पायरीवर ठेवलं आणि निघून गेले. बऱ्याच वेळाने लूझियाने त्यावरून हात फिरवला आणि तळवा नाकाशी नेला.

हुबेहूब आईच्या हाताचा वास. कुठल्याही मांझेरिकोला येतो तोच.

"लूझिया, गार होतंय गं," बेनेदिताने हाक मारली.

ती जाऊन बसली. एकाच हाताने तिने पावावर सार्डिन ठेवली, एकाच हाताने खाल्ली. दुसरा हात मांडीवर मिटलेला होता.