हिरवी पाटी

वारा उलटा फिरला आणि दिशाच्या गाळ्यावरची हिरवी पाटी उडाली, ती थेट बाहेर फरशीवर बसलेल्या नीराबाईच्या टोपलीत! नीराबाईचा लेक चंदर ती घेऊन आला.

"मॅडम, तुमची पाटी आमच्या बोंबलांवर येऊन बसली. ठेवून घेऊ काय?"

"द्या इकडं. आणि मॅडम नका म्हणू."

"मंग काय म्हनू?"

"...दिशा."

त्यानं ते नाव हळूच म्हणून बघितलं. दिशानं उगाच पाकिटं सारखी केली.

शहराच्या नगरपालिकेनं नव्या बाजारातले गाळे फक्त धूर आणि डिझेल टाळणाऱ्या धंद्यांना दिले होते आणि त्यांवर तशी हिरवी पाटी लावली होती. थळ गावात राहणाऱ्या दिशानं त्यासाठी घरी सौर पॅनेल आणि पंख्यांचं, उन्हावर चालणारं मासळी वाळवायचं यंत्र उभारलं. नीराबाई जन्मभर उन्हातच बोंबील वाळवत आली होती, पण दाखवायला यंत्र नव्हतं. म्हणून ती बाहेर.

चंदर मग रोज येऊ लागला. कधी सुट्ट्या पैशांसाठी, कधी उगाच.

"तुझं यंत्र बघायचा हाय. आयेसाठी तसलाच करीन म्हनतो."

"उद्या..." दिशा म्हणायची. तो उद्या काही उजाडत नव्हता.

एका ढगाळ दुपारी तो न सांगता थळला आला. यंत्रामागं डिझेलचं इंजिन धडधडत होतं. मळभात मासळी नासायची, म्हणून दिशानं ते गुपचूप बसवलं होतं. पाटी मात्र हिरवीच ठेवली होती.

तिचे कान तापले. मान वर होईना.

"सांगणारच होते रे... पण तू इतक्या कौतुकानं बघायचास..."

"आय रोज तुजा नाव घेते," चंदर म्हणाला. "तिला आता काय सांगू?"

तो पाणीही न पिता गेला.

दुसऱ्या दिवशी दिशानं पाटी उतरवली. नगरपालिकेत जाऊन खरं काय ते सांगितलं. गाळा गेला. टोपली घेऊन ती फरशीवर आली.

"काकी, जरा सरकता? तुमच्या हक्काच्या गाळ्यात बसले होते मी..."

"म्हाईत हाय," नीराबाई सरकली. "काल पोरानं जेवान सोडलान, तवाच समाजला. बस. डोक्यावर पदर घे, ऊन लागल."

संध्याकाळी दिशा नीराबाईच्या वाडीत बोंबील टांगायला गेली, तर चंदर बांबू बांधत होता.

"मळभासाठी वर प्लास्टिकचा छप्पर घालू. तुजे पंखे पॅनेलवर फिरवू."

"नाही जमलं तर?"

"तर जमला न्हाय म्हनून सांगू. लपवायचा न्हाय."

एकटा बोंबील कुणी टांगत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. दिशानं एक पुढं केला, चंदरनं दुसरा.

"मी खोटं वागले, चंदर."

"व्हय, वागलीस," तो म्हणाला. "आता नीट धर... सुटल."

जबडे अडकले, जोडी दोरीवर गेली. बोटं मात्र कुणीच सोडवली नाहीत.