दहा दिवस हात लावू नये

डबा एक

मावशी घरात आली ती एका शनिवारी दुपारी, झाकणाला भोकं पाडलेल्या बरणीत बसून. तिला आणलं थोरलीनेच. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, कारण पुढे जे झालं त्याबद्दल कुणाच्या नावाने बोटं मोडायची, हा प्रश्न थोरलीला रोज पडायचा आणि उत्तर दरवेळी तेच यायचं.

थोरली दातांच्या लॅबमध्ये कामाला. ठशावरून साचा, साच्यावरून दात, दातावर झिलई. बावीस वर्षं हेच. धाकटा भाऊ वजनकाटे जुळवायचा. त्याचा कारखाना बंद पडला तसा तो आपल्या खोलीत गेला आणि चार महिने जवळजवळ बाहेर आलाच नाही. लॅबमधला प्लास्टरवाला गाव सोडून चालला होता. त्याचा टॅरँटुला कुणी घेईना. "जिवंत काहीतरी सांभाळायला द्या त्याला," तो म्हणाला, "माणूस उठून बसतो."

धाकट्याने बरणी उजेडात धरली. तळहाताएवढा कोळी, तपकिरी, पायांवर कुरळे सोनेरी केस.

"हे काय?"

"मादी आहे. वीस वर्षं जगते म्हणे."

"म्हणजे तुझ्या लग्नापर्यंत टिकेल."

चार महिन्यांतला त्याचा पहिला टोमणा. थोरलीला इतकं बरं वाटलं की ती लटकं चिडायलाही विसरली. तो हसला तेव्हा वरचा पुढचा दात दिसला. लहानपणी तिनेच ढकललं म्हणून तुटलेला, आणि मोठेपणी तिनेच बनवलेली टोपी बसवलेला. टोपीच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, तिच्या दोन बारीक रेघा होत्या. आपल्या हातच्या प्रत्येक दातावर ती तशा ओढायची.

दुसऱ्या दिवशी त्याने वही केली. काट्यांसाठी करायचा तशीच, पट्टीने आखलेली.

*रातकिडा दिला. घेतला.*

"किडा सोडला की झाकण लावायचं आणि गप्प बसायचं," तो तिला शिकवू लागला. "आपण हललो की ती बुजते. घाई तिला नसते, आपल्याला असते."

डबा एक, पुढे चालू

*खाणं नाकारलं. रंग मंद. बिळाचं तोंड जाळ्याने बुजवलं.*

तो अंघोळीला गेला असताना थोरलीला मावशी उताणी दिसली. पाय किंचित मुडपलेले, हालचाल नाही. मेली, असं वाटून तिने चमच्याने तिला सरळ केलं. एक पाय तुटून चमच्यातच राहिला.

"ती कात टाकत होती!" धाकटा ओरडला. "उताणी पडली की हात लावायचा नाही. कधीच नाही, ताई. श्वास दिसला नाही तरी नाही."

मावशी वाचली. सात पायांची. कात थोरलीने हातात घेतली. पोकळ कोळी, आतून स्वच्छ, सुळ्यांसकट. बावीस वर्षांत तिच्या हातून इतका चोख साचा निघाला नव्हता.

*सुळे पांढरे, मऊ. मग लाल होतील. मग काळे. दहा दिवस हात लावू नये. काळे झाल्यावरच खाणं.*

डबे दोन ते सहा

एकाचे सहा कसे झाले, ते ज्याला छंद लागला त्याला विचारू नये. कुरिअरवाला ओळखीचा झाला. मसुरीएवढी पिल्लं कापसात गुंडाळून नळीतून यायची. धाकटा दाढी करू लागला, जेवणाच्या टेबलाशी येऊ लागला. बोलायचा फक्त ओलाव्याबद्दल, पण बोलायचा. थोरलीने देवाचे नाही तरी प्लास्टरवाल्याचे आभार मानले.

डबा सात

फळीवर डबे सहा होते. वहीत पान सातवं होतं.

*डबा सात. खाणं नाकारलं.*

"सातवा कुठाय रे?"

"आहे."

"सुटला तर नाही ना घरात?"

"सुटेल कसा? तो कुठे जात नाही."

थोरली चपला झटकून घालू लागली. उशीखाली पाहू लागली. कपाटाच्या मागे टॉर्च मारला. एकदा तिला वाटलं, भाऊ आपल्याला घाबरवून मजा बघतोय. दुसऱ्यांदा वाटलं, त्याने काहीतरी बंदी असलेलं मागवलंय.

मग वहीतल्या तारखा तिच्या ध्यानात आल्या. सातव्याने खाणं नाकारलं ते सगळे दिवस धाकट्याचं ताट तसंच परत आलं होतं.

*रंग मंद.*

त्याच्या चेहऱ्यावर खरंच राख फासल्यासारखी कळा आली होती. "डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "जाऊ की, हे झालं की," तो म्हणाला. रविवारी त्याच्या दाराची खालची फट आतून बुजवलेली दिसली. कापूस असावा म्हणून तिने बोट लावलं. तो बोटाला चिकटून लांबच लांब ओढला गेला.

तिने दार ढकललं. टळटळीत दुपार. धाकटा जमिनीवर उताणा पडला होता. हात-पाय किंचित मुडपलेले.

"अरे."

छाती हलत होती की नाही, कळेना. ती वाकली, हात पुढे केला आणि तिला चमच्यातला तो पाय आठवला.

तिने हात मागे घेतला. दार ओढून घेतलं.

चार वाजता तो बाहेर आला. ओलसर, नितळ, दहा वर्षांनी लहान. जपून हसला.

"काही खाशील?"

"इतक्यात नको. दहा दिवस."

पुढचा दात दुधासारखा पांढरा होता. बाकीचेही तसेच. उजेड त्यांच्यातून आरपार जात होता. लॅबमधली रंगपट्टी तिने मनातल्या मनात त्यांच्याशी लावून पाहिली. त्यातला एकही रंग जुळेना. आणि तो पुढचा दात तिने बनवलेला नव्हता.

सोमवारी फळीवर सातवा डबा होता. तो अंघोळीला गेल्यावर तिने झाकण उचललं. आत पातळसर, घडी घातलेलं काहीतरी. घडी तिने उलगडली नाही. वर तिने बनवलेली दाताची टोपी ठेवलेली होती. तिने ती उलटी केली.

दोन रेघा.

त्या दुपारी हात लावला असता तर? नुसतं हलवलं असतं तर?

ती घर सोडून गेली नाही. जाणार तरी कुठे, आणि याला कुणाकडे सोपवून? तो 'ताई' म्हणत होता. आवाज त्याचाच होता. टोमणे मात्र मारत नव्हता. गुरुवारी तिने मुद्दाम विचारलं, "माझ्या लग्नाचं काय झालं रे?"

त्याने बराच वेळ विचार केला. "कधी आहे?"

त्यानंतर तो ओठ मिटूनच बोलू लागला. एकदा जांभई आली तेव्हा दिसलं. दात लाल होते.

दहावा दिवस

लॅबमधून ती उजेडातच परतली. दार त्यानेच उघडलं. टेबलावर ताटं नव्हती. एकच खुर्ची, ओढून ठेवलेली.

"बस, ताई."

"जेवलास?"

त्याने नकारार्थी मान हलवली. हसला, या वेळी तोंड उघडून.

ती बसली.

त्याने तिच्या मागे दार लावलं, समोर येऊन उभा राहिला आणि गप्प राहिला. त्याला घाई नव्हती.